पळसाची किमी

हुंबाची वाडी, उमरठच्या वर
२२ जून २०२५

निशू बाय,

आजीचा हात तुझ्या डोक्यावर हाय असं समज आणि मग पुढं वाच.

तुझं पत्र औषधगोळ्या देणाऱ्या सोनाली आशाताईनं पोलादपुरातून छापून आणलं. चार कागद! आख्ख्या वाडीत एवढं मोठं पत्र कोणाला आलं नाय. बँकेचं येतं ते सोड. मी चष्मा पुसून वाचलं, मग अंगणात बसून मोठ्यानं वाचलं, म्हंजे शेजारी थोरल्या जाऊबायला ऐकू जावं. बनुबाय भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "एवढ्या लांब गेली पोर आणि म्हातारीचं हागणं-मुतणं काढते?" मी म्हटलं, "होय, पण जपानी म्हातारीचं." हसता हसता तिची भाकरी करपली आणि आतून थोरल्या भावजींच्या शिव्या आल्या.

तू लिहिलंस की हारुएबायची मोठी बहीण किमी, बॉम्ब पडला त्या दिवशी गेली आणि तिचं हाडसुद्धा गावलं नाय. म्हातारी अजून सकाळी उठली की तिला हाक मारते. तुला काय सांगायचं बाय. दरडीच्या साली डोंगर खाली आला तवा तुझी आय गावली, तोंडात चिखल गच्च भरलेला, पण ओळखता आली. तुझा बाप गावला नाय. मशीननं एक पाय काढला, तो माझ्या सोमाचा का दुसऱ्या कोणाचा, कोण सांगणार? बायका त्या पायावरून भांडल्या गो. शेवटी भावजींनी स्मशानात बसून पळसाची पुतळी बांधली. पानांचं अंग, दर्भाचे हातपाय, डोक्याला नारळ. सोमाचं नाव घेतलं, तोंडाला पाणी लावलं आणि अग्नी दिला. त्यानंतर तो माझ्या स्वप्नात येऊन दार वाजवायचा थांबला.

म्हणून मी ठरवलंय, किमीची पुतळी आपण करायची. जपानात पळस नसेल, आपल्याकडं रग्गड हाय. हारुएबायला विचार. मला इतका आनंद झालाय की सकाळपास्नं दोनदा चहा घेतला. एखाद्याचं अडलेलं काम आपल्या हातून होणार, ते पण समुद्रापलीकडचं!

तिथं भात मिळतो का? चिकट भात खाऊन पोट धरत असेल तर ओवा चाव.

आजी


हिरोशिमा
२७ जून २०२५

आजी, नमस्कार. इथूनच वाकले.

तुझं पत्र मी हारुए-सानना वाक्यावाक्याला थांबून सांगितलं. करपलेल्या भाकरीला त्या हसल्या. पुतळीचं ऐकल्यावर कधी नव्हे ते सगळं बोलल्या.

किमी तेरा वर्षांची होती. आग पसरू नये म्हणून शहरात घरं पाडून मोकळे पट्टे करत होते, त्या कामाला शाळेच्या मुलींना नेलं होतं. सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा त्या मुली उघड्यावर कौलं उचलत होत्या. हारुए-सान नऊ वर्षांच्या, शहराबाहेर होत्या. आई त्यांचा हात धरून शोधायला निघाली. समोरून माणसं हात पुढे धरून येत होती, आणि हातांची कातडी नखांपाशी लोंबत होती. सगळी पाणी मागत होती. नदीत इतकी प्रेतं, की पाणी दिसत नव्हतं. मुलींचे चेहरे उरले नव्हते. किमीचा पुढचा दात तिरका होता, म्हणून आई एकेका मुलीचा जबडा बोटांनी उघडून बघायची. एकीचा जबडा तिच्या हातात आला. तरी ती पुढच्या मुलीकडे गेली.

ज्यांची ओळख पटली नाही त्यांची राख इथे एका टेकाडात एकत्र ठेवली आहे. दर वर्षी सहा ऑगस्टला सकाळी घंटा होते, लोक जागच्या जागी मान खाली घालून उभे राहतात. संध्याकाळी नदीत कागदी कंदील सोडतात, प्रत्येकावर नाव. यंदा ऐंशी वर्षं होतील. हारुए-सान चाकाच्या खुर्चीतून जाणार आहेत.

त्यांनी एकच विचारलं. पुतळीच्या तोंडाला खरंच पाणी लावतात का? मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी कागदावर किमीचं नाव लिहिलं. फोटो पाठवतेय, सोनालीताई छापून देतील. सहा ऑगस्टला करशील?

भात चिकट आहे. पोट बरं आहे.

निशिगंधा


हुंबाची वाडी
९ जुलै २०२५

निशू बाय,

तुझ्या आजीला बसायला फुरसत नाय अशी धामधूम चाललीय!

पहिलं म्हंजे नाव आलं. दोनच अक्षरं आणि तीपण काड्या मोडून टाकल्यासारखी. मी बोटानं गिरवली. सोनाली म्हणते आजी आता जपानी शिकणार. म्हटलं मराठीच चौथीपर्यंत, त्यातली चौथीपण गुरं राखण्यात गेली.

दुसरं, बायका तयार झाल्या. सहा तारखेला दिवेलागणीला सगळ्या स्मशानाच्या शेडीत जमणार. पऱ्याला पाणी एवढं हाय की द्रोणातला दिवा सोडला की बुडालाच. म्हणून शेडीतच दिवे ठेवायचे. जपानच्या माणसांचे, आणि त्यांच्या बाजूला आपल्या दरडीतल्या माणसांचे. बनुबाय म्हणाली, मी माझ्या शेवंताचा ठेवते. भावजी तिला दरडीत गेलेल्या लेकीचं नाव घेऊ देत नाय, घेतलं की ताट भिरकावतात. म्हणून तीपण खूष.

तिसरं कोणाला सांगू नको. पुतळी मी बांधली! मीच! भावजींना विचारलं असतं तर म्हणाले असते बाईनं बांधायची नसते, आणि परक्या मुलखातल्या बाईची तर नायच. मी बघून बघून शिकलेय. पण पानं ओली गो. या पावसात ती जळायची नाय, नुसता धूर करतील. मग किमीला अर्धवट जाळायची का परत? म्हणून आत्ताच बांधून चुलीवर टांगलीय. धुरानं चांगली खडखडीत होईल. नावाचा कागद दर्भाची काडी टोचून छातीला लावलाय, म्हंजे पडायचा नाय. सकाळी चहा ठेवताना तिच्याशी बोलते. आज म्हटलं, किमी गो, शेजारी भावजींच्या नातवाला, साहिलला ताप हाय, रितेश त्याला घेऊन भगताकडं गेलाय, तू जरा बघ हां त्याच्याकडं.

लावणी आटपली. कंबर माझी नाय, दुसऱ्या कोणाची तरी लावलीय असं वाटतं.

आजी


हुंबाची वाडी
१७ जुलै २०२५

निशू,

अक्षर वाकडं हाय म्हणून हसू नको. डाव्या हातानं लिहिते. बांधावरून घसरले, उजवा मनगटात मुरगळला. पुढचे दोन दात पण गेले, ते हलतच होते, त्यांचा जीव सुटला. आता शीळ चांगली वाजते.

शेरडी गेली. पुतळी जरा बिघडली, नवी बांधीन. फोन करू नको, रेंज नाय. हारुएबाय जेवते का?

आजी


पोलादपूर
१८ जुलै २०२५

निशिगंधा,

आजींना न सांगता लिहितेय. त्यांच्या कागदाचा फोटो आत्ताच तुला पाठवला, पण त्यात खरं काही नाही.

तुझ्या चुलत आजोबांचा, कुशाबांचा नातू साहिल तापानं फणफणला होता. भगतानं सांगितलं, पोर वाळत चाललंय कारण घराजवळच कोणीतरी त्याची बाहुली करून धुरावर टांगलीय. कुशाबा, त्यांचा मुलगा रितेश आणि भावकीतले दोघं सरळ आजींच्या घरात घुसले. चुलीवर पुतळी होती. छातीत काडी खुपसलेली, कागदावर कोणाला न वाचता येणारी अक्षरं. तूच सांग, त्यांना काय वाटलं असेल? पुतळी बांधायची ती स्मशानात, आणि लगेच जाळायची. बांधून घरात ठेवली की ती करणीच, असं इथे लहान पोरालाही माहीत आहे. आजींच्या ते डोक्यातच आलं नाही. त्यांना फक्त पानं सुकवायची होती.

मी पोचले तेव्हा त्यांना केसांना धरून अंगणात आणलं होतं. रितेशनं कोयत्याच्या मुठीनं तोंडावर मारलं. त्या पुतळी सोडत नव्हत्या, म्हणून मनगटावर पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणापाशी आला. कुशाबा विचारत होते, "कोणाचं नाव हाय? बोल!" आजी म्हणाल्या, "जपानच्या पोरीचं, भावजी. सोमासारखीच हाय ती." रितेशनं तो कागद चुरगाळून त्यांच्या तोंडात कोंबला. "गिळ तुझा मंत्र." रक्ताबरोबर त्यांनी तो गिळला. जाता जाता शेरडीच्या मानेवर कोयता घातला, आजींच्या डोळ्यांदेखत. ती लगेच मेलीसुद्धा नाही.

साहिलला मी बनुबाईंच्या मदतीनं महाडला दवाखान्यात नेला. डेंग्यू निघाला, सलाईन लावलं, आता खेळतोय. पण वाडी म्हणते पुतळी फाडली म्हणून पोर वाचलं.

आजींच्या हाताला प्लास्टर घातलं. पोलिसांत जायला नाही म्हणतात. गावकीनं सांगितलंय, देवळात पाषाणावर हात ठेवून 'मी करणी केली' असं बोल, आणि सहा तारखेला एक दिवा लावायचा नाही. नाहीतर वाळीत. वाळीत म्हणजे कोणी बोलणार नाही, गिरणीत दळण नाही, मेल्यावर खांदा नाही.

तू काहीतरी कर.

सोनाली


हिरोशिमा
१९ जुलै २०२५

आजी,

मला सगळं कळलं. सोनालीताईंना बोलू नकोस, त्यांनी बरोबर केलं.

तू कुठल्या बांधावरून पडलीस? दात हलत होते? शेरडी 'गेली'? मी इथे एका म्हातारीला भरवत होते आणि तिथे माझ्या म्हातारीच्या तोंडात कागद कोंबत होते. आजी, ते आपलं घर आहे ना? ते आपलेच लोक आहेत ना?

माझं ऐक. पोलादपूरला जाऊन तक्रार दे. अशा मारहाणीला कायदा आहे, वाळीत टाकण्यालाही आहे. ते जमत नसेल तर महाडला आत्याकडे जा. आणि सहा तारखेचं सगळं सोडून दे. पुतळी नाही, दिवे नाहीत.

आता त्याची गरजही उरली नाही. हारुए-सान परवा गेल्या. झोपेत. किमीची वाट बघणारं आता कोणी नाही. तुझ्यावर कुणाचा शब्द नाही. सुटलीस तू.

निशिगंधा


हुंबाची वाडी
२६ जुलै २०२५

निशू बाय,

हारुएबाय गेली वाचून मी डोक्यावरून आंघोळ केली. प्लास्टरवर पिशवी बांधून. तीन दिवस तेल-मीठ बंद ठेवलं. नातं काय लागतं ते मला माहीत नाय, पण मी तिच्या बहिणीला घरात ठेवली होती, म्हंजे काहीतरी लागत असेलच. तुझा हात होता ना तिच्याजवळ? एकटी नाय ना गेली? एवढं लिही.

आणि तू म्हणतेस शब्द उरला नाय. अगो वेडे! जित्या माणसाला दिलेला शब्द परत घेता येतो. जाऊन सांगायचं, बाय जमत नाय, माफ कर. आता कोणाला जाऊन सांगू? तिनं नाव लिहून दिलं, ते माझ्या पोटात हाय. खरंच पोटात हाय, हसू नको. आता तर करायलाच लागणार.

खोटं लिहिलं त्याचा राग धरू नको. तू तिथून धावत यायची आणि नोकरी घालवायची, म्हणून लिहिलं.

पोलिसांचं म्हणतेस. दरडीच्या दिवशी मशीन यायच्या आधी सोमाला शोधायला कोण उतरलं होतं? रितेशच. वरून दगड येत होते आणि तो नुसत्या हातांनी चिखल उपसत होता. बोटांची नखं निघाली त्याची. त्याच हातानं मला मारलं, ते खरं हाय. पण तो हात धरून मी पोलिसाच्या हातात देऊ? गावकीनं मला एकटीला सोडलं नाय तवा. ते माझ्यावर हाय.

देवळात गेले होते. गुरवानं पाषाणापाशी उभी केली. सगळे बसले होते. मी म्हटलं, मी पुतळी बांधली, घरात ठेवली, ती माझी चूक, कान धरते. पण करणी केली असं देवावर हात ठेवून बोलणार नाय, कारण देवाला माहीत हाय मी काय केलं ते, त्याच्यासमोर मी कशाला खोटी पडू? रितेश उठला. भावजींनी त्याला खाली बसवला. म्हणाले, "सहा तारखेला बघू."

बनुबाय परसातून आली, माझे पाय धरले. मोठी जाऊ गो माझी, पाय धरले! "आवडे, परत बांधू नको. माझा साहिल." तिला खरंच वाटतं. मी तिला म्हटलं, जाऊबाय, तुझ्या साहिलच्या कपाळावर मी दरवर्षी वाढदिवसाला पहिली तीट लावते. तर रडत गेली. मला दोन दिवस जेवण गेलं नाय. मग सुचलं. मी बांधतच नाय. भावजींनाच सांगते, तुम्ही बांधा. स्मशानात, सगळ्यांसमोर, त्यांच्याच हातानं. मग कसली करणी? हाय का नाय डोकं तुझ्या आजीला?

आजी


हुंबाची वाडी
८ ऑगस्ट २०२५

निशू बाय,

झालं. ठरवलं तसं नाय, पण झालं. नीट बसून वाच.

दिवेलागणीला मी शेडीत गेले. पळसाची पानं, दर्भ, नारळ, मडकं, सगळं डोक्यावर पाटीत. सोनाली बरोबर. नऊ बायका कबूल झाल्या होत्या, चारच आल्या. दिवे लावले. वारा असा की एक लावावा तर दुसरा विझावा, आम्ही पदर धरून उभ्या. मग पाचवी आली ती बनुबाय. मला थांबवायला आली होती. दिवे बघून थांबली. कमरेतून एक पणती काढली, शेवंताच्या नावाची. घेऊनच आली होती बघ! आणि बसली.

मी त्यांना तुझ्या पत्रातलं सांगितलं. लोंबणारी कातडी, ती आय पोरींचे जबडे उघडत फिरली ते. एक बाई म्हणाली, "आपण पण तसंच केलं ना गो, चिखल पुसून पुसून तोंडं बघितली."

तेवढ्यात पुरुष आले. काठ्या घेऊन. रितेशनं पहिल्याच लाथेला दिवे उडवले, गरम तेल एकीच्या मांडीवर सांडलं, ती किंचाळत बाहेर पळाली. भावजींना बनुबाय दिसली. काठी तिच्या पाठीवर अशी बसली की ती शेवंताच्या पणतीवरच पालथी पडली. परत मारली. मी मधी गेले, तिसरी माझ्या खांद्यावर. सोनाली ओरडत होती, मी फोनमधी सगळं घेतेय, तर एकानं तिला ढकलून खांबावर आपटली. फोन काय सोडला नाय पोरीनं.

मी ओरडले, "भावजी, मी बांधत नाय! तुम्ही बांधा! सोमाची बांधली तशी बांधा, आणि आत्ता जाळा. मग तरी पटेल?"

भावजी थांबले. माझ्याकडं बघितलं, पानांकडं बघितलं. आणि बसले गो खाली! मला एवढा आनंद झाला की खांदा विसरले. आणि काय हात हाय त्या माणसाचा! पान पानावर असं बसवतात की वारा आत जायचा नाय. माझी पुतळी म्हंजे गवताची पेंडी होती त्याच्यापुढं. मी पाणी घेऊन पुढं झाले. म्हटलं, नाव मी सांगते.

रितेश म्हणाला, "नाव आम्ही घालणार. आवडीचं घाल, बाबा."

पाऊस तेवढा पत्र्यावर. मग भावजींनी नारळाला हात लावला आणि मोठ्यानं बोलले, "आवडी, या वाडीची सून, गावकीला मेली." अग्नी दिला. मडकं घेऊन फिरले, फोडलं. सगळे पुरुष पाठ फिरवून गेले, स्मशानातून जातात तसे, मागं न बघता. बनुबायला दंडाला धरून ओढत नेली.

मी माझं सरण बघत उभी. असं कोणाच्या नशिबी येतं? मग वाटलं, अरे, पानं पेटलीत की! सुकी नसून पेटलीत! आग हाय, पुतळी हाय, पाणी माझ्या हातात हाय. मी डाव्या हातानं पुतळीच्या तोंडाला पाणी सोडलं आणि जेवढा गळा हाय तेवढ्यानं हाक मारली. "किमी गो! हारुए गो! या, पाणी घ्या! सोमा, त्यांना वाट दाखव!" त्या आगीला त्यांनी माझं नाव दिलं, मी त्या दोघींना पण दिलं.

आता वाळीत हाय. काल गिरणीवाल्यानं पीठ काय, तोंड पण दिलं नाय. पाट्यावर नाचणी वाटते. चव जुनी लागते, बरी लागते.

आजी


हिरोशिमा
१० ऑगस्ट २०२५

आजी,

हे कसं लिहू ते कळत नाही. हारुए-सान जिवंत आहेत.

तू थांबावीस म्हणून मी खोटं लिहिलं. वाटलं, म्हातारीच गेली म्हटल्यावर तू सोडून देशील. आणि त्यामुळेच तू गेलीस. ती काठी तुझ्या खांद्यावर मी बसवली, आजी.

तुझं पत्र आलं तेव्हा लपवणार होते. जमलं नाही. रडत होते म्हणून त्यांनीच विचारलं, मग सगळं वाचून दाखवलं. त्यांच्या मरणाचं, तुझ्या तेल-मीठ बंद ठेवण्याचं, सगळं. त्या एवढ्या हसल्या की नर्स धावत आली. म्हणाल्या, "इतक्या लांब कोणी माझ्यासाठी उपाशी राहिलं?" पुतळीच्या तोंडाला पाणी लावलं का ते पुन्हा विचारलं. लावलं म्हटल्यावर डोळे मिटले.

मग तुझ्या सरणाचं ऐकून हसू गेलं. त्यांनी जे सांगितलं ते तुला तसंच लिहिते. "बॉम्बनंतर आम्हालाही लोकांनी असंच मेलेलं धरलं. म्हणायचे, या पोरींना हात लावू नका, लागण होईल. आमच्याशी कोणी लग्न करेना. आई म्हणाली, गप्प बसा, हेच आपले शेजारी आहेत, यांच्यातच राहायचंय. मी म्हातारी होईपर्यंत गप्प बसले, बॉम्बचं नावही काढलं नाही. शेजारी काही बदलले नाहीत. तिला सांग, माझ्यासारखं करू नको."

मला माफ कर. करू नये वाटलं तर नको करू. पण लिही.

निशिगंधा


हुंबाची वाडी
१४ ऑगस्ट २०२५

अगो कार्टे!

जित्ती हाय ती! मी तीन दिवस अळणी खाल्लं ना गो! सोनालीनं वाचून दाखवलं तवा मी एवढी हसले की खांद्याची कळ डोक्यात गेली. आणि मी तिला आगीसमोर हाका मारत होते, ये गो, पाणी पी! तिकडं ती मजेत भात खातेय! तू समोर असतीस तर आधी कान पिरगाळला असता आणि मग घावन घातले असते. काठी तुझी नाय. ज्याच्या हातात होती त्याची. हे एकदाच सांगते, परत लिहायचं नाय.

तिचं बोलणं मी परत परत वाचलं. मग दारात नाचणी निवडताना लक्षात आलं. रितेशनं सोमासाठी चिखल उपसला ते मी विसरले नाय, मरेपर्यंत विसरणार नाय. ते ऋण माझ्यावर होतं. पण ज्या बाईवर होतं ती त्यांनीच सहा तारखेला जाळली. आता मी कोणाची सून नाय, कोणाची भावकी नाय. माझ्याकडून गप्प बसायचं कोण मागणार?

सोनालीला म्हटलं, चल.

पोलादपुरात पोलिसांनी खुर्ची दिली, चहा दिला. मी पहिल्यापास्नं सांगितलं, भाकरी करपली तिथपास्नं. हवालदार मधीच म्हणाला, आजी, मारलं कधी ते सांगा. म्हटलं, येते तिकडं, बस जरा. सोनालीनं फोनमधलं दाखवलं. तेल सांडलं तिथं तो हवालदार खुर्ची पुढं ओढून बसला. प्लास्टर बघितलं, तोंड उघडायला लावून दात बघितले. मग म्हणाला नावं सांगा. मी रितेश सांगितलं, भावकीतल्या त्या दोघांची सांगितली. चौथं विचारलं. लग्न होऊन आले तेव्हापास्नं थोरल्या दिराचं नाव मी तोंडातून काढलेलं नाय. सोनाली सांगायला लागली, मी तिच्या हातावर हात ठेवला.

"कुशाबा," म्हटलं. "लिहा."

लिहिलं त्यानं. डाव्या हातानं सही केली, वाकडी आलीय पण माझी हाय.

बातमी एसटीच्या आधी वाडीत पोचली. कोणी दारात नव्हतं. संध्याकाळी बनुबाय आली. परसातून नाय, पुढच्या वाटेनं, सगळ्यांच्या दारावरून. पाठीमुळं वाकून चालते अजून. माझ्या ओट्यावर बसली. वाळीत टाकलेल्या घराच्या ओट्यावर! म्हणाली, "तुझ्यामुळं माझं घर तुटलं, आवडे." मी म्हटलं, "होय." ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "मला पण विचारतील का, माझ्या पाठीचं?" म्हटलं, विचारतील. "मग काय सांगू?" मी काय शिकवलं नाय तिला. पाणी दिलं, ते प्यायली.

उद्या पोलीस पंचनाम्याला येणार हायत. रितेश देवळापुढं ओरडत फिरतोय की गाडी यायच्या आधी म्हातारीला खरीच जाळतो. बनुबायनं विचारलं, कुठं लपणार? मी म्हटलं, लपायचं त्यांनी. सोनाली राहिलीय सोबतीला. आणि बनुबाय, बघ ना, अजून उठली नाय. आत चुलीपाशी पीठ मळतेय, मला म्हणते तुला एका हातानं जमत नाय.

हारुएबायला सांग, तुझ्या नावाची आंघोळ फुकट गेली, त्याबद्दल माझा काय राग नाय.

आवडी